दिवा हिरवा, दार बंद

वाचक विचारतात, दारं बसवणाऱ्या ताई सांगतात

कार्डाने, बोटाने, नंबर दाबून उघडणाऱ्या दारांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत तक्रार रीडरची, म्हणजे दाराशेजारच्या कार्ड वाचणाऱ्या यंत्राची. दिवा लालच का राहतो, बीप दोनदा का होते, नवा रीडर घ्यावा का. रीडर डोळ्यांसमोर असतो, म्हणून सगळ्याचं खापर त्याच्यावर. मी २२ वर्षं ही दारं बसवते आणि दुरुस्त करते. माझ्या पिशवीत मल्टिमीटरच्या शेजारी आजही पटाशी आणि बिजागरीचे स्क्रू असतात, ते काही हौसेने नाही.

ताई, मी नववीत आहे. बाबांच्या ऑफिसच्या कार्डात सेल नाही, मी वाकवून पाहिलं. मग ते मशीनशी बोलतं कसं? आणि पाकिटात दोन कार्डं असली की कधी कधी दार उघडतच नाही, ते का?

आधी वाकवणं बंद कर, नाहीतर बाबांना नवं कार्ड मागत फिरावं लागेल. त्यापेक्षा अंधारात मोबाइलचा टॉर्च लाव आणि कार्ड त्यावर धर. पातळ पांढरं कार्ड असेल तर आत तारेचं वेटोळं दिसेल, आणि त्याला चिकटलेला तिळाएवढा काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे चिप. वेटोळं दाट आणि गोल असेल तर कार्ड बहुधा १२५ किलोहर्ट्झचं. कडेकडेने फिरलेले चार-पाचच वेढे दिसले तर १३.५६ मेगाहर्ट्झचं.

रीडरच्या पोटातही असंच वेटोळं असतं. १२५ किलोहर्ट्झच्या रीडरमध्ये त्यातून सेकंदाला सव्वा लाख वेळा मागेपुढे होणारा प्रवाह फिरत असतो, म्हणून रीडरसमोरचं चुंबकीय क्षेत्रही तसंच हलत राहतं. कार्ड त्या क्षेत्रात आलं की कार्डाच्या वेटोळ्यात वीज तयार होते. फॅरडेने १८३१ साली दाखवलं तेच हे. चिपला तेवढी वीज पुरते.

आता बोलण्याचं. सायकलचा डायनामो चाकाला टेकवला की पाय जड पडतात ना? पाठीमागे बसलेल्या कुणी तो टेकवला, सोडला, टेकवला, तर पुढे न वळताही तुला पायांत कळेल. चिप नेमकं हेच करते. आपला भार वाढवते, कमी करते, आणि रीडरला आपल्या वेटोळ्यात ते ओझं जाणवतं. जड म्हणजे एक, हलकं म्हणजे शून्य, असं ढोबळमानाने समज. साध्या १२५ च्या कार्डात असे ६४ बिट असतात. त्यातले ४० बिट नंबराचे, बाकीचे सुरुवातीच्या खुणेचे आणि पडताळणीचे. क्षेत्रात आहे तोवर कार्ड तेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहतं. त्याला दुसरं काही येतच नाही.

म्हणून दोन साधी कार्डं एकत्र आली की दोघं एकदम बोलतात आणि रीडरला एकाचंही धड कळत नाही. १३.५६ वाल्यांना ‘आधी तू, मग तू’ असं थांबवता येतं. पण रीडरने पहिल्यांदा बाबांचं बँकेचं कार्ड निवडलं तर दिवा लालच लागणार. कार्ड पाकिटातून काढून धरायला सांग.

आमच्या कार्यालयातल्या एका मुलाने बाहेर जाऊन कार्डाची नक्कल करून आणली. एक मिनिटही लागलं नाही म्हणे. कार्ड ‘इलेक्ट्रॉनिक’ असून किल्लीपेक्षा सोपी नक्कल कशी? आणि आता सगळी यंत्रणा बदलावी लागेल का? मी तिथली व्यवस्थापक आहे.

वर त्या मुलीला सांगितलं तेच तुमचं उत्तर आहे. साधं कार्ड विचारेल त्याला आपला नंबर सांगतं. नक्कल करणाऱ्याच्या हातातलं यंत्र विचारतं, नंबर मिळतो, तो कोऱ्या, पुन्हा लिहिता येणाऱ्या कार्डावर उतरवला की झालं. इथे कुलूप तोडलेलं नाही. गुप्त म्हणावं असं त्यात काही नव्हतंच.

तुमचं कार्ड कोणतं, हे घरबसल्या कळेल. एनएफसी, म्हणजे फोन टेकवून पैसे देण्याची सोय, चालू असलेल्या फोनच्या पाठीला कार्ड लावा. फोन अगदीच ढिम्म राहिला तर कार्ड बहुधा १२५ किलोहर्ट्झचं आहे, कारण फोनला ती भाषा येत नाही.

फोनने ओळख दाखवली तरी लगेच निर्धास्त होऊ नका. १३.५६ मध्येही पिढ्या आहेत. १९९४ साली आलेलं मायफेअर क्लासिक अजूनही खूप ठिकाणी चालतं. त्याची किल्ली, म्हणजे आतला गुप्त आकडा, ४८ बिटांची, आणि तिची गुप्त पद्धत नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली फोडून दाखवली. डेसफायरसारख्या पुढच्या कार्डांत एईएस ही १२८ बिटांच्या किल्लीची गुप्तलेखनाची पद्धत असते. तिथे रीडर दर वेळी नवं कोडं घालतो आणि कार्ड ते आपल्या किल्लीने सोडवून उत्तर देतं. किल्ली स्वतः हवेत कधी जात नाही. कालचं उत्तर चोरून ऐकलं तरी आज त्याचा उपयोग नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती बसवणारे सहसा सांगत नाहीत. महागातलं डेसफायर कार्ड घेतात आणि रीडर त्याचा फक्त वरचा अनुक्रमांक, म्हणजे यूआयडी, वाचतो. तो उघडाच असतो, त्याला किल्ली लागत नाही. तिजोरी विकत घेऊन दागिने तिच्यावर ठेवायचे, तसला प्रकार. म्हणून बसवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ‘रीडर यूआयडी वाचतो की आतली कुलूपबंद फाइल?’ तो घुटमळला तर समजा. जाता जाता, ‘फोन रीडरला लावला की दर वेळी वेगळा नंबर येतो’ असं दोन पत्रांत आहे, त्याचं कारणही हेच. बरेच फोन मुद्दाम दर वेळी नवा यूआयडी देतात, आणि यूआयडीवर विसंबलेला रीडर गोंधळतो.

कार्ड बदललं तरी रीडरपासून कंट्रोलरपर्यंतची, म्हणजे नंबर यादीत पाहून दार उघडायचं की नाही ते ठरवणाऱ्या यंत्रापर्यंतची, तार राहते. रीडर काढून पाहा. मागे हिरवी आणि पांढरी तार कंट्रोलरकडे गेली असेल तर ती वायगंड पद्धत. जॉन वायगंड यांनी एका खास मिश्रधातूच्या तारेचा चुंबकीय गुण शोधला, १९७० च्या दशकापासून ती तार कार्डांत वापरली गेली. आता कार्डात ती तार नाही, नाव मात्र राहिलं. या पद्धतीचा सर्रास चालणारा साचा २६ बिटांचा. त्यात इमारतीचा क्रमांक ० ते २५५, कार्डाचा ० ते ६५,५३५, आणि दोन पडताळणीचे बिट. म्हणजे तुमच्याच नंबराचं कार्ड दुसऱ्या कुणाच्या खिशात असणं अगदी शक्य आहे. शिवाय तारेवरून नंबर उघडाच जातो, आणि एकाच दिशेने जातो. रीडर कुणी उपटून नेला तरी कंट्रोलरला पत्ता नसतो. नवी पद्धत ओएसडीपी. तिच्यात दोन्हीकडून बोलणं होतं, ते कुलूपबंद करता येतं, आणि २०२० पासून ती आंतरराष्ट्रीय मानकही झाली आहे.

सगळं एकदम बदलायची गरज नाही. बाहेरचं मुख्य दार आणि जिथे पैसे, कागदपत्रं, सर्व्हर आहेत ती दारं आधी घ्या. दोन्ही प्रकारची कार्डं वाचणारे रीडर मिळतात. पण जुनी कार्डं गोळा झाल्यावर त्यातला १२५ चा भाग बंद करायचा असतो, आणि तेच राहून जातं.

दारावर चुंबकाचं कुलूप आहे, २७० किलोला हलणार नाही असं सांगून बसवलं. खांदा लावून ढकललं की दार उघडतं. दिवा तर नीट हिरवा-लाल होतो. तीनदा माणूस येऊन ‘सेटिंग’ करून गेला. कुलूपच बोगस आहे का?

कुलूप बहुतेक ठणठणीत असेल. अगदी अशाच तक्रारीसाठी एका ऑफिसात गेले होते, ते सांगते.

शिडीवर चढून आधी दाराच्या वरची लोखंडी प्लेट पाहिली. चौकटीतल्या चुंबकाला जी चिकटते, ती. तिच्या वरच्या कडेला नखाएवढी पट्टी चकचकीत झाली होती, बाकी प्लेट धुळीने मळकट. म्हणजे चुंबक आणि प्लेट यांची गाठ फक्त त्या नखाएवढ्या जागेत पडत होती. या चुंबकाचा जोर सगळा चिकटण्यात आहे. मध्ये जराशी फट पडली तरी तो झपाट्याने उतरतो. २७० किलोचा आकडा संपूर्ण प्लेट सपाट बसल्यावरचा.

मी प्लेट बोटाने हलवून पाहिली. ती हललीच नाही. हलायला हवी. दार कधी पूर्ण सरळ नसतं. बिजागरी झिजते, लाकूड फुगतं. म्हणून प्लेट मधल्या एकाच बोल्टवर, रबरी वॉशरवर ठेवतात, की तिने थोडं डोलावं आणि चुंबकाचं तोंड आपणहून शोधावं. इथे बोल्ट गच्च आवळलेला आणि वॉशर गायब. गेले कुठे? छतातला कंट्रोलरचा डबा उघडला तर आत तारांना अडकवलेली प्लास्टिकची पुडी, न फोडलेली. वॉशर, दोन पिना, षटकोनी किल्ली, सगळं सुखरूप. तीनदा येऊन गेलेल्या माणसाने ती पुडी तीनदा बाजूला सारली असणार.

वॉशर घातले आणि दार ढकललं. बरंच सुधारलं, पण माझ्या हाताला अजून पुरेसं घट्ट वाटेना. म्हणून मीटर काढला. एसएमपीएसपाशी, म्हणजे कुलपाला वीज पुरवणाऱ्या सप्लायपाशी, १२ व्होल्ट, चुंबकापाशी जेमतेम ९.९. हे मोजमाप कुलूप चालू असतानाच घ्यायचं. तार सोडवून मोजलं तर इथेही १२ च दिसतात, आणि मग माणूस ‘सप्लाय ओके’ म्हणून निघून जातो.

मधले दोन व्होल्ट तारेने खाल्ले होते. डब्यापासून कुलपापर्यंत ३० मीटर नेटवर्कची केबल ओढलेली, त्यातली एकच जोडी वापरलेली. त्या बारीक तारेला किलोमीटरला सुमारे ८४ ओहम रोध असतो. जायला ३० आणि यायला ३० असे ६० मीटर, म्हणजे ५ ओहम. चुंबक स्वतः १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे २४ ओहमचा. दोघांत १२ व्होल्ट वाटले गेले की चुंबकाच्या वाट्याला ९.९. मीटरवरही तेच. गणित असं जुळलं की मला आजही बरं वाटतं.

उपाय दोन होते: एक चौरस मिलिमीटरची जाड तार ओढायची, किंवा कुलूप २४ व्होल्टवर न्यायचं. बऱ्याच चुंबकांत आत जोडणी बदलून दोन्ही चालतं. २४ वर प्रवाह निम्मा होतो आणि त्याच बारीक तारेत जिथे १७ टक्के जात होते तिथे ५ टक्केच जातात. आम्ही दुसरा घेतला, सप्लाय बदलला. तुम्ही दार उघडून प्लेटवर पांढऱ्या फळ्याचा मार्कर फिरवा, शाई वाळू द्या, दार दहा वेळा बंद करा आणि शाई कुठे पुसली ते पाहा. सगळीकडे सारखी पुसली नसेल तर आधी वॉशर शोधा. सेटिंगवाल्याला नंतर बोलवा.

दारावरच्या नंबरच्या बटणांपैकी चारच गुळगुळीत झालीत. धोका आहे का?

आहे. चार अंकांचा आकडा आणि चारही वेगळे अंक माहीत, म्हणजे २४ च शक्यता. गंमत म्हणजे तीनच बटणं झिजली असती, एक अंक दोनदा येत असता, तर ३६ झाल्या असत्या. आकडा बदला. आणि पॅडच्या मागे वेगळा कंट्रोलर आहे की सगळं त्या पॅडमध्येच आहे, ते पाहून घ्या. स्वस्त पॅडमध्ये कुलूप सोडणारा रिले, म्हणजे विजेने हलणारा स्विच, तोही आतच असतो, म्हणजे दाराच्या बाहेरच्या बाजूला. दोन स्क्रू काढून मागच्या दोन तारा जोडल्या वा तोडल्या की दार मोकळं. आकडा २४ पैकी कोणता, हे विचारायचीही गरज नाही.

मी एका वाचनालयाची जबाबदारी पाहते. वीज गेली तर आमची कार्डाची दारं उघडी राहणार की बंद? आत माणसं अडकतील, ही माझी भीती. समिती म्हणते, उघडी राहिली तर पुस्तकं जातील.

तुमची भीती समितीच्या भीतीच्या आधी येते.

चुंबकाचं कुलूप वीज असेतोवरच धरतं. वीज तुटली की दार मोकळं. याच्या उलट, चौकटीतली जी विजेची खटकी असते तिच्यातला एक प्रकार वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहतो, पण आतला दांडा हाताने फिरवला की खटका मागे सरतो, त्याला वीज लागत नाही. समितीला हवंय ते या दुसऱ्या प्रकाराने मिळतं. आतून नेहमी हाताने उघडणारा दांडा असलाच पाहिजे, एवढं मात्र डोळ्यांनी पाहा.

चुंबक असेल तर मधे बॅटरी असते. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी, चुंबक आणि बाकीचं मिळून ०.८ अँपिअर, म्हणजे कागदावर पावणेनऊ तास, प्रत्यक्षात कमी. वीज जाताक्षणी दार सुटत असेल तर बॅटरी मेलेली आहे.

याच बॅटरीने मला चांगला धडा दिला. धंद्यात नवी होते. एका सर्व्हरच्या खोलीला चुंबक लावला आणि आतलं ‘बाहेर जा’ बटण कंट्रोलरला जोडून दिलं. बटण कंट्रोलरला सांगणार, कंट्रोलर रिले हलवणार, दार सुटणार. एके रात्री विजेचा झटका बसून कंट्रोलर गोठला. आत एक तंत्रज्ञ. बटण दाबतोय, ऐकायला कुणी नाही. मी फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं, मेन स्विच पाडा. पाडला. दार जागचं हललं नाही, कारण माझीच बॅटरी इमानदारीने चुंबक धरून बसली होती. डबा त्याच्याच खोलीत, त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये. शेवटी त्याने स्टीलच्या पट्टीने झाकण उचकटलं आणि बॅटरीची लाल तार उपटली. चाळीस मिनिटं गेली. तो नंतर मला काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी संपर्कांचे दोन संच असलेलंच बटण लावते. एक संच कंट्रोलरला, दुसरा थेट कुलपाच्या तारेत, की दाबलं म्हणजे चुंबकाची वीज तुटलीच. शिवाय हिरवा आपत्कालीन डबा, तोही त्याच तारेत. आगीची घंटा वाजली की कुलपाची वीज तोडणारा रिले वेगळा. तुम्ही एवढं करा: बसवणाऱ्याला बोलावून कंट्रोलर बंद करायला लावा, बॅटरी जोडलेली ठेवा, आणि आत उभं राहून दोन्ही दाबून पाहा. तो ‘तशी गरज नाही’ म्हणाला तर त्यालाच आत उभं करा.

मी गवंडीकाम करतो. हजेरीच्या दारावर माझं बोट लागतच नाही, रोज रांग खोळंबते, लोक हसतात.

बोटाचं यंत्र बोटाचा फोटो जुळवत नाही. रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात, त्या जागा टिपून त्यांचा आकड्यांचा नकाशा ठेवतं. सिमेंटने रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते, मग नकाशाला खुणाच मिळत नाहीत. दोष तुमचा नाही. ज्या हाताने काम कमी होतं त्याची करंगळीशेजारची दोन बोटं नोंदवायला सांगा, सुट्टीनंतर, हात धुऊन थोडं तेल चोळून पुसल्यावर. तरी जमलं नाही तर कार्ड मागा. तुमच्यासाठी यंत्राची कडकपणाची पातळी खाली आणू देऊ नका, कारण मग ते दुसऱ्याचं बोटही तुमचं म्हणून घ्यायला लागेल.

रविवारी सकाळी ११:४२ ला मी गोदामात गेले, असं यंत्राच्या नोंदीत आहे. मी घरी होते. साहेब म्हणतात, मशीन खोटं बोलत नाही.

मशीन खोटं बोलत नाही, पण फार थोडं बोलतं. ‘११:४२, प्रवेश मंजूर’ याचा अर्थ तुमचा नंबर यादीत सापडला. नंबर तुमच्या कार्डाचा होता की नकलेचा, कार्ड कुणाच्या हातात होतं, हे त्यात नाही. घड्याळाचंही पाहा. नेटवर्क तुटलं तरी कंट्रोलर स्वतःच्या यादीवर दार उघडत राहतो, नोंदी साठवतो आणि नंतर पाठवतो. तोवर त्याचं घड्याळ मागेपुढे सरकलेलं असू शकतं. नोंद कधी घडली आणि कधी पोचली, या दोन वेळा वेगळ्या असतात. दोन्ही मागा.

मग ११:३० ते १२ पर्यंतच्या सगळ्या ओळी मागा, फक्त तुमच्या नावाच्या नाही. ‘प्रवेश मंजूर’च्या खाली ‘दार उघडलं’ आणि ‘दार बंद झालं’ अशा ओळी आहेत का ते बघा. त्या चौकटीतल्या छोट्या चुंबकी सेन्सरकडून येतात. नसतील तर कुणी आत गेलंच नसेल, किंवा तो सेन्सर जोडलेलाच नसेल. दुसरं मी फार पाहिलंय. सेन्सरच्या दोन तारा डब्यात येतात आणि टेप गुंडाळून कोपऱ्यात दाबलेल्या असतात. डबा उघडून दाखवा म्हणा. तशा सापडल्या तर साहेबांकडे असलेल्या कागदावर एवढंच लिहिलंय, की रीडरला एक नंबर दिसला आणि रिले पाच सेकंद हलला.